पांढरी, काळी आणि नवा नकाशा

गावाला दोन रंग असतात, असे आमचे वडीलधारे सांगत. जिथे माणूस राहतो ती पांढरी आणि जिथे पीक येते ती काळी. मराठवाड्यातल्या कोणत्याही जुन्या गावात जा, हा फरक डोळ्यांनी दिसतो. पिढ्यान्‌पिढ्या पडलेल्या भिंती, चुलीची राख, गोठ्यातला केर हे सगळे एकावर एक साचत जाते आणि गावठाणाची माती पांढुरकी होते. तीच माती पावसाळ्याआधी माळवदावर टाकायची, दाबून बसवायची, म्हणजे घर गळत नाही. काळीत मात्र घर बांधू नये, हे शहाण्यासुरत्या प्रत्येकाला ठाऊक असे. काळी पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि तिच्यावरच्या भिंतींना तडे जातात. शिवाय तीच आपल्या पोटाला देते.

आज भोकरदनहून जालन्याच्या, सिल्लोडच्या किंवा जाफराबादच्या वाटेने निघालो की काळीतच चुन्याच्या रेषा मारलेल्या दिसतात. कडेला फलक असतो, वसाहतीला छानसे नाव असते, हप्त्यांची सोय असते. शहरे वाढणारच, घरे लागणारच. आमची पोरे लग्न होऊन वेगळी राहणार आणि त्यांनाही छप्पर हवेच. तेव्हा नव्या वसाहतीला आमचा विरोध नाही. आमचा प्रश्न एवढाच, की ती आखताना तिथे आधीपासून राहणाऱ्या माणसाला कोणी काही विचारतो का? आणि विचारले नाही तर पुढे काय होते? हा प्रश्न आजचा वाटतो, पण आपल्या या भूमीने तो सातशे वर्षे पाहिला आहे. म्हणून थोडे मागे जाऊ.

भोकरदन हे स्वतःच जुन्या पांढरीवर बसलेले गाव आहे. याचे प्राचीन नाव भोगवर्धन. सांची आणि भारहूत येथील स्तूपांना दान देणाऱ्यांत भोगवर्धनचे रहिवासी होते, हे तिथल्या शिलालेखांवरून कळते. १९७३ च्या सुमारास मराठवाडा आणि नागपूर या दोन विद्यापीठांनी मिळून येथे उत्खनन केले. डॉ. शां. भा. देव आणि डॉ. र. शं. गुप्ते यांनी त्याचा अहवाल लिहिला. त्यात सातवाहनकाळातील भरभराटीचे गाव समोर आले. येथे हस्तिदंताच्या एका स्त्रीमूर्तीचा भाग सापडला. तिच्याशी फार जवळचे साम्य असलेली मूर्ती १९३८ मध्ये इटलीतील पाँपेई या शहराच्या अवशेषांत मिळाली होती. पाँपेई इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. म्हणजे केळणेच्या काठावरचे हे आमचे गाव तेव्हा जगाच्या व्यापाराशी जोडलेले होते. नदी, रस्ता आणि बाजार या तीन गोष्टींमुळे माणसे येथे आली आणि राहिली. हे गाव कोणा एकाच्या फर्मानातून वसले नाही.

गाव काय सांगते हे वाचता आले पाहिजे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी याच केळणेच्या खोऱ्यात असईची लढाई झाली. शिंदे आणि भोसले यांची फौज मोठी होती, इंग्रजांची लहान. नदी ओलांडायला उतार नाही असे वाटाड्ये सांगत होते. वेलस्लीने मात्र दुरून पाहिले की नदीच्या दोन तीरांवर दोन गावे अगदी समोरासमोर आहेत. इतकी जवळ राहणारी माणसे एकमेकांकडे जात-येत असणारच, मग मधे उतार असलाच पाहिजे, असे त्याने ताडले. ते खरे निघाले. परका माणूस लढाई जिंकण्यासाठी आमची गावे वाचून गेला. आपल्याच राज्यात, आपल्याच लोकांसाठी नगर उभारणारे मात्र गावे वाचत नाहीत, ही खंत आहे.

आता दौलताबादकडे वळू. १३२७ मध्ये सुलतान मुहंमद बिन तुघलकाने दिल्लीहून देवगिरीला राजधानी आणली आणि तिचे नाव दौलताबाद ठेवले. 'तुघलकी कारभार' हा शब्द आपण सहज वापरतो, पण त्यामागची योजना थट्टेवारी नेण्याजोगी नव्हती. अरब लेखक अल-उमरी याने ऐकीव माहितीवरून दौलताबादचे जे वर्णन केले आहे, ते वाचून आजचा नगररचनाकारही थक्क होईल. सैनिकांचा मोहल्ला वेगळा, वजीर आणि कारकुनांचा वेगळा, काझी-आलिमांचा वेगळा, व्यापारी आणि कारागिरांचा वेगळा. प्रत्येक मोहल्ल्यात मशीद, बाजार, हमाम, पिठाची गिरणी, भटारखाना. कोणत्याही मोहल्ल्याला दुसऱ्याकडे हात पसरावा लागू नये, अशी आखणी. मात्र हे शहर पुरे झाले नव्हते, हेही त्यानेच नोंदवले आहे. इब्न बतूता दिल्ली ते दौलताबाद हा रस्ता चाळीस दिवसांचा सांगतो आणि त्याच्या दोन्ही कडांना झाडे होती असेही लिहितो.

मग चुकले कुठे? सुलतानाने प्रवासात आणि मुक्कामी पोहोचल्यावरही लोकांना सढळ हाताने मदत केली, हे त्याच्यावर टीका करणारा इतिहासकार झियाउद्दीन बरनीही मान्य करतो. पण तोच पुढे सांगतो, की माणसे घराच्या ओढीने झुरली आणि देवगिरीच्या आसपास मुसलमानांची कब्रस्ताने उभी राहिली. इसामी या कवी-इतिहासकाराचे नव्वद वर्षांचे आजोबा दिल्लीतून बाहेर काढले गेले आणि पहिल्याच टप्प्यावर वारले. सगळी दिल्ली ओस पडली, ही गोष्ट आजचे अभ्यासक अतिशयोक्त मानतात. मुख्यतः अमीर-उमराव, आलिम, सूफी आणि त्यांचे परिवार आणले गेले. तरी काही वर्षांतच लोकांना परत जायची मुभा द्यावी लागली. नकाशात गिरणी होती, हमाम होता. जाणाऱ्याची मर्जी तेवढी नव्हती.

याला दुसरी बाजूही आहे आणि ती आपण विसरू नये. जे राहिले ते मनापासून इथले झाले. हजरत बुऱ्हानुद्दीन गरीब यांच्यासारखे सूफी खुलदाबादला स्थिरावले. १३४७ मध्ये बहमनी राज्य उभे राहिले, दखनी भाषा घडत गेली. ज्या इसामीचे आजोबा वाटेत गेले, त्यानेच दख्खनमध्ये बसून आपला इतिहासग्रंथ लिहिला. माणसाला वेळ मिळाला, मान मिळाला, तर तो परक्या मातीचीही पांढरी करतो.

दौलताबादेपासून जवळच, सुमारे पावणेतीनशे वर्षांनी, दुसरे नगर आखले गेले. १६१० मध्ये मलिक अंबरने खाम नदीकाठच्या खडकी या गावी राजधानी वसवली. हबशी देशातून गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा वजीर झाला. त्याने वस्तीच्या जोडीने पाण्याचा विचार केला. उत्तरेकडच्या डोंगरातले पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून, केवळ उताराच्या जोरावर शहरात आणणारी नहर-ए-अंबरी ही त्याची कीर्ती. खडकीचे पुढे फतेहनगर झाले, १६५३ नंतर औरंगाबाद आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर. नावे बदलली, राजवटी गेल्या, मोगलांनी मलिक अंबरच्या हयातीतच शहर जाळले, तरी ते पुन्हा उभे राहिले. पुढे बेगमपुरा, जयसिंगपुरा, कर्णपुरा, पदमपुरा असे पुरे वसले. त्यांत मोगल होते, रजपूत होते, आणि त्यांच्याबरोबर आलेले नाना जातींचे कारागीर होते. दौलताबाद हुकमावर वसले, तर खडकी पाण्यावर वसली. टिकले कोणते, ते आपण पाहतोच.

स्वातंत्र्यानंतर राजे गेले, महामंडळे आली. १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी मुंबईच्या खाडीपलीकडे नवे शहर वसवण्याची कल्पना मांडली. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरण या भागांतील ९५ गावे नव्या मुंबईच्या आराखड्यात आली. भातशेती, मिठागरे, मासेमारी यांवर जगणारी ही आगरी-कोळी माणसे. त्यांची जमीन गेली आणि हाती आलेला मोबदला तुटपुंजा होता. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली ते रस्त्यावर उतरले. १९८४ च्या जानेवारीत, १६ आणि १७ तारखेला, उरण भागात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकऱ्यांचे प्राण गेले. त्यानंतर १९९० मध्ये साडेबारा टक्क्यांची योजना आली. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मूळ मालकाला परत देण्याचे तत्त्व मान्य झाले. पुढे महाराष्ट्रात जमीन मागताना सरकारला जी भाषा बोलावी लागली, ती या शेतकऱ्यांच्या रक्तातून आली आहे.

तरीही एक गाठ सुटली नाही. शहर चहूबाजूंनी वाढले, पण मूळ गावांचे गावठाण तेवढेच राहिले. कुटुंबे वाढली, लेकांनी बापाच्या घराशेजारी खोल्या बांधल्या आणि त्या खोल्या कागदावर अनधिकृत ठरल्या. ज्याच्या जमिनीवर शहर उभे राहिले, तोच त्या शहरात अतिक्रमणदार! पांढरीला वाढायला जागा ठेवली नाही की असे होते.

आता आपल्या जिल्ह्यात येऊ. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला. जालना शहर बियाणे आणि पोलाद यांच्या जोरावर वाढले. शहराजवळचे खरपुडी हे गाव आमच्याकडच्या शेतकऱ्यांना तिथल्या कृषी विज्ञान केंद्रामुळे माहीत आहे. याच खरपुडीत सिडकोच्या नवनगराचा प्रस्ताव आला. मधल्या काळात तो व्यवहार्य नाही असे ठरले आणि पुढे तो पुन्हा पुढे सरकला. सुमारे ९०० कोटींचा हा प्रकल्प. शेतकऱ्यांकडून स्वस्तात जमिनी घेऊन मोठा मोबदला लाटण्याचा डाव आहे, असे आरोप झाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये मुख्यमंत्र्यांनी प्रकल्पाला स्थगिती दिली आणि चौकशीचे आदेश दिले. आरोपांत तथ्य किती, हे चौकशीचे काम आहे. आम्हाला त्यात दिसते ते वेगळे आहे. नवनगर होणार ही बातमी सगळ्यांत शेवटी कोणाला कळते? ज्याचे नाव सातबारावर आहे त्याला. आणि ज्याचे नाव सातबारावरही नाही, त्या बटाईदाराला, सालगड्याला, त्या शिवारात शेळ्या चारणाऱ्याला तर ती कळतही नाही.

आणि पाण्याचे काय? जालना शहराने निजामाच्या काळात बांधलेल्या घाणेवाडी तलावाचे पाणी पिढ्यान्‌पिढ्या प्यायले. २०१२-१३ च्या दुष्काळात मात्र हे शहर टँकरवर जगले आणि अखेर जायकवाडीहून पाणी आणावे लागले. आमचे भोकरदन दानापूरच्या जुई धरणाकडे डोळे लावून बसते. पाऊस हुकला की धरण तळ गाठते आणि आमच्या बायाबापड्यांच्या हातात घागरी येतात. आहे त्या वस्तीला पाणी पुरत नसेल, तर हजारो घरांच्या नव्या वस्तीसाठी ते कुठून येणार, हे विचारणारा माणूस विकासाचा वैरी ठरत नाही. मलिक अंबर चारशे वर्षांपूर्वी याच गोष्टीचा विचार करत होता.

इथवर वाचून कोणी म्हणेल, की मग आखणीच नको. तसे नाही. आखणीविना वाढलेल्या वस्तीत काय होते, हे आपल्या समाजाइतके कोणी भोगलेले नसेल. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतील कितीतरी मुस्लिम कुटुंबांनी मुंब्र्याची वाट धरली. जिवाच्या भीतीने निघालेला माणूस बांधकामाची परवानगी पाहत बसत नाही. त्या भागात बेकायदा मजल्यांवर मजले चढले. ४ एप्रिल २०१३ रोजी शिळफाट्याजवळ अशीच एक इमारत कोसळली आणि ७४ माणसे गेली. त्यांत मजूर होते, लहान मुले होती.

आमच्या मराठवाड्यात हेच दुखणे गुंठेवारीच्या रूपाने आले. शेतकऱ्याकडून एकरावर घ्यायचे, गुंठ्यावर विकायचे आणि व्यवहार बाँडपेपरवर उरकायचा. १९४७ चा तुकडेबंदी कायदा असे तुकडे करू देत नसे, म्हणून नोंद होत नसे. नोंद नाही म्हणून रस्ता नाही, नळ नाही, गटार नाही. घेणारे बहुधा मुसलमान, दलित, खेड्यातून दुष्काळाने उठलेले मजूर. सरकारने २००१ मध्ये गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा केला आणि २०२१ मध्ये दुरुस्ती करून डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामे त्यात आणली. याचा अर्थ, वीस वर्षांत गुंठेवारी थांबली नाही, वाढली. आयुष्यभराची पुंजी घालून घेतलेले घर वीस वर्षे 'बेकायदा' म्हणवून घेत जगणे काय असते, हे त्या घरातल्या बाईला विचारावे.

तेव्हा एकीकडे माणसांविना नकाशा आणि दुसरीकडे नकाशाविना माणसे. या दोन्हींतून वाट काढायची तर नकाशा होत असतानाच माणसाने तिथे हजर असले पाहिजे. यासाठी कायदा आहे. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमानुसार विकास योजनेचा प्रारूप आराखडा प्रसिद्ध करावा लागतो, ठरावीक मुदतीत नागरिकांच्या हरकती व सूचना घ्याव्या लागतात आणि नियोजन समितीपुढे सुनावणी होते. हा हक्क कोणी उपकार म्हणून दिलेला नाही. पण तो वापरतो कोण? आराखडा राजपत्रात आणि वर्तमानपत्रात छापून येतो, कचेरीच्या भिंतीवर लागतो. तो पाहायला जमीन-दलाल जातो, बिल्डर जातो. आपण जात नाही.

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी असा आराखडा पाहायला आम्ही चारपाच जण गेलो होतो. रंगीत नकाशा होता. पिवळ्यात राहण्याची जागा, हिरव्यात बाग, निळ्यात व्यापार. सोबत एक वृद्ध शेतकरी होते, आम्ही त्यांना चाचा म्हणतो. ते बराच वेळ नकाशासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "बाबा, आपलं कब्रस्तान यात कुठंय, जरा बोट ठेवून दाखव." तिथला कर्मचारी शोधू लागला. आम्हीही शोधले. जिथे ते असायला हवे होते, तिथून पिवळ्या रंगातून एक रुंद रस्ता गेलेला होता. मुद्दाम केले असेल असे आम्ही म्हणत नाही. आखणाऱ्याने जागा पाहिली नव्हती, एवढेच. आम्ही तिथेच बसून हरकतीचा अर्ज लिहिला. चाचांनी सही केली, पोच घेतली आणि ती घडी करून सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली. सुनावणीला आम्ही जुने कागद घेऊन गेलो आणि रस्ता वळला. कागद होते म्हणून वळला. नसते, तर काय झाले असते हे सांगायला नको.

याच कागदांविषयी आपल्या लोकांशी थोडे कडवे बोलायचे आहे. निजामी राजवटीत दर्गे, मशिदी यांना खिदमत माश जमिनी दिलेल्या होत्या. त्यांचे मुंतखब होते. त्यांतले किती आज हाताशी आहेत? किती जमिनी आपल्याच मुतवल्लींनी, आपल्याच पुढाऱ्यांनी परस्पर विकल्या? नकाशात आपली जागा रिकामी दिसते, कारण आपणच तिची नोंद सांभाळली नाही. दुसऱ्याकडे बोट दाखवताना उरलेली बोटे आपल्याकडे वळतात, हे लक्षात ठेवलेले बरे.

दुसरी गोष्ट आणखी अवघड. चांगल्या वसाहतीत आपल्या पोरांना नाव ऐकून घर नाकारले जाते, हा अनुभव नवा नाही. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका पारशी गृहनिर्माण सोसायटीचा, सभासदत्व आपल्या समाजापुरते ठेवण्याचा नियम वैध ठरवला. कायद्याच्या अंगाने त्याची कारणे असतील, पण त्याची झळ घर शोधणाऱ्याला लागते. मग आपल्यातलेही काही म्हणतात, आपण आपलीच वसाहत काढू. भीती समजते, पण हा उपाय आम्हाला पटत नाही. एका दाराच्या वसाहतीत पाणी, रस्ता, शाळा यांसाठी भांडणारा आवाजही एकाच समाजाचा उरतो आणि तो दुर्लक्षिणे सोपे जाते. भोकरदनच्या जुन्या गल्ल्यांत भिंतीला भिंत लागून वेगवेगळ्या जातिधर्मांची घरे आहेत. तिथे नळाला पाणी आले नाही, तर सगळीच गल्ली बोंब मारते. नव्या वसाहतीत हेच हवे.

म्हणून आमची मागणी साधी आहे. नवी वसाहत आखायची तर आधी शिवार पायी फिरावे. सातबारावर नाव नसलेल्यालाही विचारावे. पाणी आधी दाखवावे, प्लॉट नंतर. गावठाणाला वाढायला जागा ठेवावी. शाळा, दवाखाना, कब्रस्तान, स्मशान यांची जागा घरे विकण्याआधी ठरवावी, कारण जगण्याइतकेच मरणेही वस्तीतच होते. आणि आपणही घरातले जुने कागद ट्रंकेतून काढावेत, त्यांच्या प्रती कराव्यात, पोरांना नकाशा वाचायला शिकवावे.

चाचा आता नाहीत. त्याच कब्रस्तानात, वळलेल्या रस्त्याच्या कडेला त्यांची कबर आहे. त्यांचा मुलगा परवा भेटला. त्याच्या शेताशेजारीही चुन्याच्या रेषा आल्या आहेत. आम्ही काही बोलण्याआधीच तो म्हणाला, "अब्बांची ती पोच अजून माझ्याकडं आहे. तसाच अर्ज लिहायचाय, कधी बसू या?"